म्हस्कूआबांची कॉम्प्युटरमधली सही

म्हस्कू भाऊ कोळपे यांनी आपल्या कामाच्या कागदाखाली पहिली सही केली ती वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. पगाराच्या रजिस्टरवरची सही सगळेच करतात, ती सोडा. ज्या कागदातलं अक्षर न् अक्षर आपण लिहिलं त्याच्या तळाला आपलं नाव, एवढी साधी गोष्ट तीस वर्षं नोकरी करून त्यांना मिळाली नव्हती. आधी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर, मग एका ठेकेदाराच्या गोदामात, आणि त्र्याण्णव सालापासून रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत डिस्पॅचला, म्हणजे माल गाडीत भरून पाठवायच्या खात्यात. चलन यांनी लिहायचं, गेटपास यांनी करायचा, गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, पेट्या किती, सगळं यांच्या हातचं. आणि शेवटी कागद घेऊन साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहायचं. साहेब फोनवर बोलता बोलता न वाचताच खाली कोंबडीचे पाय उमटवायचे. झालं, कागद साहेबांचा.

आबांना याचं वाईट वाटायचं का? वाटायचं. पण ते बोलून दाखवणारा माणूस नव्हे. मांडवगण फराट्याच्या शिवारात त्यांची वस्ती. वाडवडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत हिंडलेले, आणि त्या घरातला हा पहिला मॅट्रिक. नोकरी लागली हेच मोठं, वर आणि सही पाहिजे म्हणून कुठं तोंड वर करायचं? रोज सकाळी लुनावर न्हावऱ्यापर्यंत जायचं, तिथून कंपनीच्या बसनं रांजणगाव. बारा वाजून गेले तरी डबा उघडायचा नाही, गाडी भरल्याशिवाय. असं त्यांचं चाललं होतं.

दोन हजार साली दसऱ्याच्या आधी डिस्पॅचला कॉम्प्युटर आला. पॅकिंगचा मुकादम हौसराव यानं त्याला झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं आणि पुढं नारळ फोडला. पाणी उडालं ते आबांनी आपल्या टॉवेलनं पुसून घेतलं. तो जोडायला पुण्याहून विनोद नावाचा माणूस आला होता. हसरा, पण घाईतला. मेल कसा लिहायचा, कसा पाठवायचा हे त्यानं अर्ध्या दिवसात दाखवलं आणि जाता जाता विचारलं, “सिग्नेचर टाकायची का? एकदा लिहून ठेवली की प्रत्येक मेलखाली आपोआप येते.”

“कुणाची? साहेबांची?”

“साहेबांची कशाला? मेल तुम्ही लिहिणार. तुमची.”

आबांनी हे तीनदा विचारून घेतलं. मग वही काढली आणि कुठं दाबायचं, मग कुठं दाबायचं, कुठल्या चौकोनात बरोबरची खूण करायची, सगळं क्रमानं उतरवून घेतलं. सही स्वतः टाइप केली, दोन बोटांनी, इंग्रजीत. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पूर्ण. त्याखाली डिस्पॅच विभाग. त्याखाली कंपनीचं नाव. त्याखाली मुक्काम पोस्ट मांडवगण फराटा, तालुका शिरूर, जिल्हा पुणे.

“घरचा पत्ता कशाला, आबा?” विनोद हसायला लागला.

“पत्र हाय ना हे? मग पाठवणाऱ्याचा पत्ता नको?”

पत्त्याखाली आबांनी घरचा फोन नंबर पण घातला. त्याला मात्र कारण होतं. फरीदाबाद, जमशेदपूर, कोइमतूर इथले कस्टमर संध्याकाळी सहानंतर विचारायचे की आमची गाडी कुठवर आली, आणि तेव्हा ऑफिसात कुणी नसायचं. घरी आबा असायचे. ते नसले तर त्यांची कारभारीण भामाबाई असायची. आयुष्यात मांडवगणाबाहेर फार न गेलेल्या भामाबाईनं पुढच्या तीन वर्षांत फोनवरचं हिंदी शिकून घेतलं. “घर पे न्हाई, आने पे बोलती,” एवढं एका दमात म्हणून ती रिसीव्हर आपटायची. तिकडच्या साहेबांना ते पुरायचं.

सही मेलखाली जायला लागली आणि गंमत बघा, तिकडून उत्तरं यायला लागली ती थेट यांच्या नावानं. मिस्टर कोळपे. आबा ते वाचताना उगाच घसा साफ करायचे. हौसरावला वाचून दाखवायचे. हौसरावला इंग्रजी कळत नव्हतं, पण नाव कळायचं.

मे दोन हजार तीनमध्ये आबा रिटायर झाले. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, भाषणं. साहेब म्हणाले, कोळपे म्हणजे डिस्पॅच आणि डिस्पॅच म्हणजे कोळपे. असं सगळ्यांनाच म्हणतात. आबांनी ते मनाला लावून घेतलं, इतकंच.

त्यांच्या जागी करुणा ओव्हाळ नावाची मुलगी आली. शिरूर गावातली, बी.कॉम. झालेली, वय बावीस. पहिल्यांदा टेम्पररी, काम बघून कायम करू, असं सांगून घेतलेली. पोरगी हुशार. आठ दिवसांत तिनं गाड्यांचा तक्ता लावला. पण मेल पाठवला की खाली आबांचं नाव यायचं. ते कसं बदलायचं हे तिला कळत नव्हतं असं मुळीच नाही. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली ती, तिला अवघड काय? ती बदलायला गेली आणि मागं उभा असलेला हौसराव कडाडला, “ए बाई, थांब! जित्या माणसाचं नाव पुसत्यात व्हय कुठं? आबा हायेत अजून खुट्ट्यासारखं. अपशकुन करती का काय?”

आता याला काय म्हणायचं? पण खात्यातली सगळी पॅकिंगची माणसं हौसरावच्या बाजूला. त्यांनी आबांच्या हाताखाली दहा वर्षं काढलेली. नवी पोरगी, पहिला आठवडा, ती कशाला वैर घेईल? तिनं शहाणपणा केला. आबांनाच फोन लावला.

“आबा, मेलखाली तुमची सही येती. ती काढून माझी टाकू का? तुमची परवानगी असंल तर.”

आबा त्या वेळी ओट्यावर बसले होते. घरी बसून त्यांना बारा दिवस झाले होते आणि त्या बारा दिवसांत कस्टमरचे सतरा फोन आले होते. सतरा माणसांना त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. फोन आला की कंपनीत हौसरावला विचारायचं, गाडी कुठंय ते कळलं की तिकडं उलटा फोन करायचा. वस्तीवरची माणसं विचारायची, आबा, रिटायर झाला ना तुम्ही? तर आबा म्हणायचे, “कंपनी सोडंना बाबा.” हे म्हणताना त्यांना बरं वाटायचं. अगदी खरं सांगायचं तर त्याच्यावरच ते जगत होते.

“राहू दे की पोरी,” आबा म्हणाले. “त्यानं काय बिघडतंय तुजं? कस्टमरला सवय हाय माज्या नावाची.”

“बरं,” करुणा म्हणाली.

मग ती मेलच्या शेवटी आपलं नाव हातानं टाइप करायला लागली. खाली आबा होतेच. महिन्याभरानं साहेबांनी टोकलं, दोन दोन नावं नकोत, कस्टमर गोंधळतो. मग तिनं आपलंच नाव लिहायचं बंद केलं.

असं दीड वर्ष गेलं. फोन कमी होतील असं भामाबाईला वाटलं होतं, ते वाढलेच. आबा फोनला बांधले गेले. विहिरीवर जायचे ते धावत परत यायचे. लग्नाला गेले तर जेवणाची दुसरी पंगत होण्याआधी घरी. भामाबाई म्हणायची, “मेंढरामागं फिरणारं बरं हुतं तुमचं खानदान. न्हाई तं ह्यो फोन, हलू देत न्हाई.” पण आबांच्या चेहऱ्यावर तरतरी होती हे तिलाही दिसत होतं. म्हणून ती बोलायची आणि सोडून द्यायची.

दोन हजार चारच्या दिवाळीत चार दिवस मात्र आबा घरी नव्हते. बहीण सोजराबाई कासुर्डीला दिलेली, भाऊबीजेला तिच्याकडं गेले. भामाबाई पण गेली. घराला कुलूप. फोन वाजला असेल तर कुलपानं ऐकला.

परत आल्यावर चार-पाच दिवसांनी फरीदाबादच्या साहेबांचा फोन आला. आवाज नुसता खुशीत. “कोलपे जी, दिवाली में आपने जो गाड़ी भेजी ना, हमारी फैक्टरी की लाइन बंद होने से बच गई! इतना कोई नहीं करता!”

आबांना कसली गाडी, कुठली लाइन, काही पत्ता नव्हता. विचारता आलं असतं. एका श्वासाचं काम होतं. पण समोरचा माणूस एवढं भरभरून बोलतोय, आणि आपण म्हणायचं की साहेब, मी भाऊबीजेची बासुंदी खात होतो?

“अपना काम है, साब,” आबा म्हणाले.

झालं. ते बोलले आणि विसरूनही गेले. चांगलं बोललेलं माणूस घेतो आणि ठेवून देतो, कुणाचं ते बघत नाही.

डिसेंबरच्या वीस तारखेला दुपारी करुणा वस्तीवर आली. न्हावऱ्यापर्यंत बसनं आणि पुढं वडापच्या जीपनं. हातात मोठं पाकीट. आबांनी तिला पहिल्यांदाच बघितलं. दीड वर्ष आवाज ऐकलेला, माणूस आत्ता दिसलं. बारीक, सावळी, ओढणीला घामानं डाग पडलेले.

“साहेबांनी द्यायला सांगितलंय, आबा. पुण्याच्या हेड ऑफिसातनं आलंय.”

पाकिटात प्रशस्तिपत्र होतं. जाड कागद, सोनेरी काठ. दिवाळीच्या सुट्टीत फरीदाबादचा माल वेळेवर पाठवून कंपनीची अब्रू राखल्याबद्दल श्री. म्हस्कू भाऊ कोळपे यांचं अभिनंदन. तिकडच्या साहेबांनी थेट पुण्याला पत्र लिहिलं होतं. पुण्याच्या माणसांना कोण रिटायर झालंय आणि कोण नाही हे काय ठाऊक? मेलखाली नाव होतं, ते उचललं.

आबांनी दोनदा वाचलं. भामाबाईनं चहा आणला आणि बायकांच्या रीतीनं विचारलं, “मग झालीस का गं पर्मनंट?”

“न्हाई, आजी. कमी केलं. एकतीस तारीख शेवटची.”

“आगं बया! का?”

करुणानं बशीत चहा ओतला. “साहेबांनी माझी फाइल पुण्याला पाठवली हुती, कायम करा म्हणून. तिकडनं उत्तर आलं, डिस्पॅचचे सगळे मेल कोळपे लिहितात, फोन तेच घेतात, बक्षीसबी त्यांनाच. मग ही मुलगी करती काय? साहेबांनी वाद घातला न्हाई.”

“आन् ही दिवाळीची गाडी कुणी पाठवली?” आबांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं. तरी विचारलं.

“मी आन् हौसरावमामांनी. पाडव्याच्या दिवशी मेल आला. मी साहेबांचा रिपोर्ट करायला ऑफिसात गेले हुते म्हणून दिसला. कंपनी बंद. मामांना घरनं बोलावलं, त्यांनी दोन लोडर आणले. चव्वेचाळीस पेट्या हुत्या. गाडी मिळंना, मग नगर रोडच्या ढाब्यावर जाऊन उभी राहिले. दिल्लीकडं रिकामा चाललेला एक ड्रायव्हर सापडला. तीन दिवस गेले त्यात. तुम्हाला पण फोन लावला हुता, आबा. नुसता वाजत हुता.”

हे ती तक्रार म्हणून बोलली नाही. तक्रार केली असती तर आबांना सोपं गेलं असतं.

ती गेल्यावर भामाबाईनं कप उचलले आणि पाठमोरीच बोलली, “आयत्या बिळावर नागोबा ऐकला हुता. घरातच असंल असं वाटलं नव्हतं.” चाळीस वर्षांच्या संसारात इतकं कडू ती नवऱ्याला कधी बोलली नव्हती. आबांना शरमेनं मान वर करवेना. त्या पोरीनं परवानगी मागितली होती. रीतसर, फोन करून. आणि आपण काय म्हणालो? त्यानं काय बिघडतंय तुजं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लुनावर न्हावऱ्याला गेले आणि कंपनीच्या बसमध्ये चढले. ड्रायव्हरनं त्यांना राम राम घातला. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. “आबा! अभिनंदन!”

आबांनी प्रशस्तिपत्र टेबलावर ठेवलं. “साहेब, हे माजं न्हाई.”

“अहो, मोठेपणा नका करू.”

“मोठेपणा कसला आलाय त्यात? त्या दिवशी मी कासुर्डीला बहिणीच्या घरी पाटावर बसून जेवत हुतो. गाडी त्या पोरीनं पाठवली. दीड वर्ष सगळं तीच करती. तिनं मला नाव काढू का म्हणून इचारलं हुतं. मीच न्हाई म्हणलो. फोन माज्याकडं यावं म्हणून न्हाई म्हणलो. हे तुम्ही पुण्याला सांगा.”

साहेबांनी चष्मा काढला. दोन नावं नकोत, हे आपणच म्हणालो होतो, ते त्यांनाही आठवलं असावं. “आबा, वरचा निर्णय झाला. आता मी कुठल्या तोंडानं सांगू, की आम्हाला आमच्याच खात्यात कोण काम करतं ते माहीत नव्हतं?”

“तुम्ही सांगू नका मग. मी सांगतो.”

आबा उठून सरळ डिस्पॅचला आले. करुणा कॉम्प्युटरपुढं होती, ती उठून उभी राहिली. आबा बसले. वही आणलेली नव्हती, पण गरज लागली नाही. योग्य जागी दाबत गेले आणि सहीचा चौकोन उघडला. म्हस्कू भाऊ कोळपे. चार वर्षं रोज वीस-पंचवीस मेलांखाली गेलेलं नाव.

“आबा,” हौसराव मागून म्हणाला, “असं करू नका. जित्या माणसाचं…”

“मी हाय तवर मीच पुसतो, हौसराव. तिच्यावर कशाला ढकलतोस?”

खोडायचं बटण त्यांनी एकदम दाबून धरलं नाही. एक एक अक्षर खोडलं. फोन नंबर गेला, मांडवगण गेलं, आडनाव गेलं, वडील गेले. मग विचारलं, “पोरी, बापाचं नाव?”

“सतीश.”

करुणा सतीश ओव्हाळ. डिस्पॅच विभाग. कंपनीचा नंबर. पत्ता विचारायला त्यांनी मान वळवली तेव्हा ती पहिल्यांदा हसली. “पत्ता नको, आबा.”

मग त्यांनी मेल लिहायला घेतला. यादीतल्या तेवीस कस्टमरना, आणि वर पुण्याच्या हेड ऑफिसलाही. इंग्रजी त्यांचं मोडकंतोडकंच. मी म्हस्कू कोळपे, मे दोन हजार तीनमध्ये रिटायर झालो. तेव्हापासून तुम्हाला आलेला प्रत्येक मेल करुणा ओव्हाळ यांनी लिहिला आहे. दिवाळीतली गाडी त्यांनी पाठवली, मी नाही. मी तसं फोनवर सांगितलं नाही ही माझी चूक. इथवर बोटं बरी चालली. पुढचं वाक्य त्यांनी दोनदा टाइप केलं आणि दोनदा खोडलं. माझ्या घरच्या नंबरावर यापुढं फोन करू नये. लिहिलं एकदाचं. पाठवलं. सही आधीच बदललेली असल्यामुळं त्या मेलखालीही नाव करुणाचंच गेलं. कुणाच्या लक्षात आलं, कुणाच्या नाही.

दोन दिवसांत पुण्याला उत्तरं पोचली. फरीदाबादवाले साहेब तर चिडलेच होते, ज्या मुलीनं आमची लाइन वाचवली तिलाच काढताय का म्हणून. कुणी सांगितलं होतं त्यांना काढतायत ते? हौसरावनं सांगितलं असेल, त्याच्या मोडक्या हिंदीत. करुणाला तीन महिने वाढवून दिले आणि एप्रिलमध्ये कायम केल्याचं पत्र दिलं. ती पेढे घेऊन वस्तीवर आली होती.

फोन मात्र मेल गेला त्याच आठवड्यात आटले. बुधवारी दोन आले, गुरुवारी एक. मग नाही. आबा ओट्यावर बसून राहायचे. जानेवारी असाच सरत आला. आता विहिरीवर जायला हरकत नव्हती, लग्नात दुसऱ्या पंगतीला बसायलाही हरकत नव्हती. ते गेले नाहीत. एक दिवस उठले आणि टेलिफोन एक्स्चेंजला तक्रार देऊन आले, की आमचा फोन बंद आहे.

दोन दिवसांनी लाइनमन पोपट आला. खांबावर चढला, उतरला, डबी उघडून वायरी बघितल्या. मग आपल्या जवळच्या फोनवरून काहीतरी फिरवलं आणि घरातला फोन खणाणला. गोठ्यातून भामाबाई शेणाचे हात घेऊन पळत आली. “अवं, घ्या की! फरीदाबादचा आसंल!”

“न्हाई, आजी, मीच केलाय,” पोपट बाहेरून ओरडला. तो आत आला, रिसीव्हर कानाला लावून बघितला. “आबा, फोन चांगला हाय तुमचा. काही बिघाड न्हाई.”

“मग वाजत का न्हाई?”

“कुणी केला तर वाजंल ना,” पोपट म्हणाला.

“व्हय,” आबा म्हणाले. “ते बी खरंच.” आणि पोपटला चहा टाकायला त्यांनी भामाबाईला सांगितलं.